प्रवासभत्ता, स्ववाहनाचा

प्रवासभत्ता, स्ववाहनाचा : नोकरीतील वा व्यवसायातील कामासाठी स्वतःचे वाहन वापरणाऱ्या व्यक्तीस त्या वापराबद्दल मिळणारी भरपाई, तसेच त्या खर्चापुरती प्राप्तिकरात मिळणारी सूट वा वजावट. अंतराच्या प्रमाणात दिल्या जाणाऱ्या भरपाईस पूर्वी ‘मैलभत्ता’ म्हणत. दशमान पद्धती आल्यावर दर किलोमीटरवर ठरू लागले, तरी कार्यालयीन बोलण्यात जुने नाव पुष्कळ काळ टिकून राहिले. वाहन घोड्याचे असो वा मोटारीचे, या विषयातील मूळ प्रश्न तीनच आहेत : कामाच्या प्रवासाचा खर्च कोणी सोसावा, खरा खर्च किती झाला हे कशावरून ठरवावे, आणि घर ते कामाचे ठिकाण हा प्रवास कामाचा मानावा की नाही. या प्रश्नांना निरनिराळ्या काळी मिळालेली उत्तरे म्हणजेच या भत्त्याचा इतिहास होय.

मराठेशाहीतील पूर्वरूप : स्वतःचे वाहन घेऊन चाकरी करण्याची सर्वांत परिचित जुनी पद्धत म्हणजे शिलेदारी. शिवकालीन घोडदळाचे दोन भाग होते. पागेतील बारगिरास घोडा व हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा व स्वतःची शस्त्रे घेऊन चाकरीस राही आणि त्यामुळे त्याचे वेतन बारगिरापेक्षा अधिक असे. या अधिक वेतनात घोड्याची किंमत, दाणावैरण, नालबंदी आणि तो कालांतराने निकामी होण्याची झीज, अशा सर्व बाबी गृहीत धरलेल्या असत. पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे व तेवढ्या पथकामागे एक पखाली आणि एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे बारगिराच्या वाहनाची देखभाल राज्याकडे, तर शिलेदाराच्या वाहनाची त्याच्या स्वतःकडे, अशी ही स्पष्ट विभागणी होती. शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेत पागेला प्राधान्य होते. उत्तर पेशवाईत शिलेदारांचे प्रमाण वाढले.

शिलेदारी पद्धतीतील उणीव घोड्याच्या नुकसानीत दिसून येई. घोडा हेच शिलेदाराचे भांडवल असल्यामुळे तो मारला गेला व भरपाई मिळाली नाही, तर त्याची चाकरीच संपुष्टात येई. स्वतःचा घोडा धोक्यात घालण्यास असा स्वार स्वाभाविकच नाखूष असे. वाहनाचा धोका ज्याच्या माथी असतो, त्याच्या कामाच्या रीतीवर त्या धोक्याचा परिणाम होतो, ही गोष्ट या उदाहरणावरून स्पष्ट होते.

खोटी मागणी ओळखण्याचा प्रश्नही तितकाच जुना आहे. घोडा न ठेवता त्याचा पैसा घेणे, किंवा पाहणीच्या दिवशी दुसऱ्याचा घोडा उभा करणे, यांवर उपाय म्हणून अलाउद्दीन खल्‌जीने घोड्यास डाग देण्याची पद्धत सुरू केली. अकबराने ती पुन्हा अंमलात आणली आणि तिच्या जोडीस स्वाराच्या चेहरेपट्टीची नोंद ठेवली. आजची वाहननोंदणी, अंतराची नोंदवही व देयकावरील वरिष्ठाची सही यांचे काम तेव्हा डाग व चेहरा यांनी केले.

इंग्रजी अमदानीतही शिलेदारी नावासह टिकली. हिंदुस्थानी घोडदळाच्या बहुसंख्य पलटणींत स्वार स्वतःचा घोडा आणी वा त्याच्या किमतीची रक्कम पलटणीकडे ठेवी आणि त्याबद्दल त्यास जादा पगार मिळे. घोडा गमावल्यास नवा घेण्यासाठी स्वारांच्या मासिक वर्गणीतून सामाईक निधी उभारलेला असे. पहिल्या महायुद्धात मोठ्या प्रमाणावर घोडे व सामग्री पुरविण्याचा भार या पद्धतीस पेलला नाही आणि युद्धानंतर ती बंद करण्यात आली.

मुलकी फिरती व वेठ : मुलकी कारभारात प्रवासखर्चाचा भार दीर्घकाळ रयतेवर पडत असे. अधिकारी गावी आला, की त्याचे सामान वाहणे, गाडी वा वाटाड्या देणे, चारा-सरपण पुरविणे ही कामे गावाकडून करून घेतली जात. त्यांतील पुष्कळशी वेठबिगारीची असत. कनिष्ठ वतनदारांवर, विशेषतः महार वतनदारांवर, निरोप पोहोचविणे, सरकारी सामान वाहणे व खजिन्याबरोबर जाणे ही कामे वतनाच्या नावाखाली लादलेली असत आणि त्यांचा मोबदला अत्यंत तुटपुंजा असे. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यामागे ही अनिर्बंध राबवणूक थांबविण्याचा हेतू होता. अखेर मुंबई कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन अधिनियम, १९५८ अन्वये ही वतने नष्ट झाली. प्रवासभत्त्याच्या इतिहासात या घटनांचे महत्त्व मोठे आहे. नियमबद्ध भत्ता म्हणजे केवळ नोकरास मिळालेली सवलत नव्हे, तर गावकऱ्यांच्या पाठीवरचे ओझे सरकारी तिजोरीवर आणण्याचा तो एक मार्ग होता.

त्र्यंबकेश्वरच्या परिसरात या प्रश्नाचे भौगोलिक स्वरूप चांगले दिसते. त्र्यंबकचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती आला आणि १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसलेले हे क्षेत्र नाशिकपासून सु. २८ किमी. असून त्याच्या पश्चिमेस व उत्तरेस सह्याद्रीचे डोंगर, दऱ्या व विखुरलेले आदिवासी पाडे आहेत. पावसाळा दीर्घ व जोरदार असतो. अशा मुलखात महसूल, वन, आरोग्य, शिक्षण वा पोलीस यांपैकी कोणत्याही खात्याचे काम कचेरीत बसून होत नाही. ते फिरतीवरच होते. पूर्वी फिरतीवरील अधिकाऱ्यांना घोडा बाळगण्याच्या अटीवर मासिक भत्ता मिळे. पुढे घोड्याची जागा सायकलीने आणि नंतर मोटारसायकल व मोटारीने घेतली. वाहन बदलले, तरी भत्त्यामागील हिशेब तोच राहिला.

भत्त्याची तत्त्वे व प्रकार : १ जानेवारी १९२२ पासून अंमलात आलेल्या मूलभूत नियमांनी या भत्त्यांस तात्त्विक बैठक दिली. भरपाईभत्त्याची रक्कम अशी ठरवावी, की एकंदरीत तो घेणाऱ्यास नफ्याचे साधन होऊ नये, असे तत्त्व त्यांत नमूद आहे. या तत्त्वाची दुसरी बाजू नियमांच्या शब्दांत तितकी ठळक नाही : भत्ता नफ्याचे साधन नसावा, त्याचप्रमाणे तो तोट्याचे कारणही होऊ नये. दर दीर्घकाळ न बदलल्यास व इंधनाचे भाव चढत राहिल्यास नोकर आपल्या पगारातून सरकारी काम चालवीत असतो.

मुंबई राज्यात मुंबई नागरी सेवा नियम, १९५९ यांत प्रवासभत्त्याची तपशीलवार तरतूद करण्यात आली. सामान्यतः पुढील प्रकार आढळतात : (१) कायम प्रवासभत्ता – ज्यास ठरावीक क्षेत्रात सतत फिरावे लागते, त्यास प्रत्येक फेरीचा हिशेब न मागता दरमहा दिली जाणारी ठरावीक रक्कम. (२) वाहनभत्ता – मुख्यालयी वा त्याच्या आसपास कामासाठी वाहन बाळगण्याबद्दल मिळणारी मासिक रक्कम. (३) मैलभत्ता – प्रत्यक्ष कापलेल्या अंतरावर ठरावीक दराने मिळणारी रक्कम. (४) दैनिक भत्ता – मुख्यालयाबाहेर असताना भोजन-निवासादी खर्चासाठी. केंद्रीय नियमांत दौऱ्यावरील दैनिक भत्त्यासाठी कामाच्या ठिकाणापासून ८ किमी.ची मर्यादा मानलेली आहे.

कायम भत्ता व अंतरानुसार भत्ता या दोन पद्धतींचे गुणदोष परस्परविरुद्ध आहेत. कायम भत्त्यात लेखनकाम वाचते व खोट्या फेऱ्या दाखविण्याचे कारण उरत नाही. मात्र न फिरणाऱ्यास लाभ व पुष्कळ फिरणाऱ्यास तोटा होतो. दूरच्या पाड्यांवर वारंवार जाणारी परिचारिका आणि क्वचितच जाणारा कर्मचारी यांस तो सारखाच मिळतो. अंतरानुसार भत्त्यात न्याय अधिक असतो. मात्र फिरतीची दैनंदिनी, देयक, मंजुरी आणि लेखापरीक्षा यांची साखळी लांबते व पैसे उशिरा हाती येतात.

सातव्या केंद्रीय वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर १९१७ च्या नव्हे, तर २०१७ च्या आदेशानुसार, जेथे स्थानिक दर ठरविलेले नाहीत तेथे केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी स्वतःच्या मोटारीस वा टॅक्सीस किलोमीटरला २४ रु. आणि स्वतःच्या स्कूटरीस वा ऑटोरिक्षास १२ रु. असा दर ठेवण्यात आला. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हे दर २५ टक्क्यांनी वाढावेत, अशीही सोय त्यात केली गेली. नाशिक ते त्र्यंबकेश्वर व परत अशा ५६ किमी.च्या फेरीस २०१७ च्या दराने मोटारीस १,३४४ रु. व स्कूटरीस ६७२ रु. होतात. या रकमेत केवळ इंधन नव्हे, तर टायर, दुरुस्ती, विमा, वाहनकर व घसारा हे सर्व खर्च अभिप्रेत असतात. इंधनाची पावती व भत्त्याची रक्कम यांतील फरक हा सर्वस्वी नफा, असे मानणे त्यामुळे चुकीचे ठरते.

प्राप्तिकरातील तत्त्व : भत्ता हातात पडला की तो उत्पन्न मानावा काय, हा पुढचा प्रश्न आहे. इंग्लंडच्या १८५३ च्या प्राप्तिकर अधिनियमाने पगारदारास कर्तव्य बजावताना झालेला प्रवासखर्च, तसेच कर्तव्यासाठी घोडा बाळगण्याचा खर्च वजा करण्याची मुभा दिली. खर्च ‘पूर्णपणे, केवळ व आवश्यकतेने’ कर्तव्यासाठीच झालेला असावा, ही कसोटी त्यातूनच रूढ झाली. घोड्याचा हा उल्लेख तेथील कायद्यात १९८८ च्या संहितेपर्यंत कायम होता. रिकेट्स विरुद्ध कोल्हून या १९२० नंतरच्या दशकातील खटल्यात, लंडनमध्ये राहून पोर्टस्मथ येथे न्यायाधिकाऱ्याचे काम करणाऱ्या बॅरिस्टरास रेल्वेखर्चाची वजावट उमरावसभेने नाकारली. कामाच्या ठिकाणी पोहोचण्यासाठी केलेला प्रवास आणि काम करीत असताना केलेला प्रवास यांतील भेद त्यामुळे दृढ झाला.

हिंदुस्थानात प्राप्तिकर प्रथम १८६० मध्ये आला. १८८६ चा व नंतर १९२२ चा अधिनियम होऊन १९६१ चा अधिनियम १ एप्रिल १९६२ पासून लागू झाला. त्याच्या कलम १०(१४) मध्ये कर्तव्यासाठी खास दिलेल्या भत्त्यास, प्रत्यक्ष खर्च झाला असेल तेवढ्यापुरती, करमुक्ती होती. नियम २ खख नुसार दौरा व बदलीचा प्रवास, दौऱ्यावरील दैनंदिन खर्च आणि कर्तव्य बजावताना लागणारे वाहन यांसाठीचे भत्ते तीत मोडत. मात्र मालकाने वाहन फुकट दिलेले असल्यास वाहनभत्त्याची सूट मिळत नसे.

भत्ता न मिळणाऱ्याची वजावट : ज्यास भत्ता मिळत नाही, पण जो स्वतःचे वाहन कामासाठी वापरतो, त्याचा विचार १९६१ च्या अधिनियमाच्या मूळ कलम १६ मध्ये केलेला होता. अशा पगारदारास वाहनाची देखभाल व नेहमीची झीज यांपोटी वजावट मिळे. १९७४ च्या वित्त अधिनियमाने अशा वेगवेगळ्या वजावटी एकत्र करून प्रमाणित वजावट आणली. ती पहिल्या १०,००० रु. पगारावर २० टक्के व त्यावरील पगारावर १० टक्के, परंतु एकूण ३,५०० रु. पर्यंत असे. ज्यास वाहनभत्ता किंवा मालकाची मोटार मिळे, त्यास ती १,००० रुपयांपुरतीच मर्यादित होती. यावरून प्रमाणित वजावटीत वाहनखर्चाचा वाटा गृहीत धरलेला होता, हे स्पष्ट होते.

ही वजावट २००५ च्या वित्त अधिनियमाने रद्द झाली आणि २०१८ मध्ये ४०,००० रुपयांच्या स्वरूपात परत आली. त्याच वेळी घर ते कार्यालय या प्रवासासाठीच्या वाहतूक भत्त्याची दरमहा १,६०० रुपयांपर्यंतची सूट काढून घेण्यात आली. अपंग कर्मचाऱ्यांसाठीची दरमहा ३,२०० रुपयांची सूट मात्र ठेवण्यात आली. पुढे प्रमाणित वजावट २०१९ मध्ये ५०,००० रु. व नव्या करप्रणालीत २०२४-२५ या वर्षापासून ७५,००० रु. झाली. २०२० मध्ये सुरू झालेल्या नव्या करप्रणालीत बहुतेक सवलती गेल्या, तरी दौरा व कर्तव्यार्थ वाहन यांच्या भत्त्यांची सूट राखण्यात आली. १ एप्रिल २०२६ पासून लागू करावयाच्या आयकर अधिनियम, २०२५ मध्येही हे तत्त्व सोडलेले नाही.

एकरकमी वजावटीचा परिणाम दुहेरी आहे. लक्षावधी पगारदारांना पावत्या जपण्याच्या त्रासातून तिने सोडविले. मात्र ज्याचे वाहन घराच्या दारीच उभे असते आणि जो महिनाभर डोंगरी रस्त्यांवर स्वतःच्या मोटारसायकलीने फिरतो, त्या दोघांना ती सारखीच मिळते. मालक भत्ता देत नसेल, तर भारतीय पगारदारास प्रत्यक्ष वाहनखर्च स्वतंत्रपणे वजा करून मागता येत नाही. विमाव्यवसायातील विकास अधिकाऱ्यांनी प्रोत्साहनपर लाभांशातून क्षेत्रीय खर्च वजा करण्याबाबत केलेल्या मागण्यांवर निरनिराळ्या उच्च न्यायालयांनी भिन्न मते दिली, ती याच पोकळीमुळे. स्वतंत्र व्यावसायिकाची स्थिती वेगळी असते : वैद्य, वकील वा व्यापारी यांस व्यवसायापुरता वाहनखर्च व मोटारीवर १५ टक्के दराने घसारा मिळू शकतो, खासगी वापराचा हिस्सा मात्र वगळावा लागतो.

प्रतिपूर्ती व नोंदवही : मालक कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मोटारीचा खर्च भरून देत असेल आणि वाहनाचा वापर काही कामासाठी व काही खासगी असेल, तर खासगी भाग हा करपात्र अनुलाभ ठरतो. १९६२ च्या नियमांतील नियम ३ नुसार १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारीस दरमहा १,८०० रु., त्याहून मोठ्या इंजिनास २,४०० रु. व चालक असल्यास आणखी ९०० रु. एवढा कामाचा हिस्सा मानून उरलेली रक्कम करपात्र धरली जाई. मोटारीखेरीज अन्य स्वयंचलित वाहनास ही रक्कम ९०० रु. होती. याहून अधिक वापर कामासाठी झाला असे दाखवावयाचे, तर प्रवासाची तारीख, ठिकाण, अंतर व खर्च यांच्या नोंदी आणि मालकाचे प्रमाणपत्र आवश्यक असे.

उदा., लहान मोटारीबद्दल मालकाने एका महिन्यात ६,००० रु. दिले, तर नोंदी नसताना १,८०० रु. वजा जाऊन ४,२०० रु. करपात्र होत. नोंदींवरून ५,००० रु. कामासाठी खर्च झाल्याचे सिद्ध झाल्यास करपात्र रक्कम १,००० रुपयांवर येई. नोंदवहीतील काही ओळींचे मोल असे प्रत्यक्ष रुपयांत मोजता येते. नोंद रोजच्या रोज, प्रवासाच्या हेतूसह व अंतरमापकाच्या आकड्यासह ठेवलेली असल्यास ती विश्वसनीय ठरते. वर्षअखेरीस एका बैठकीत भरलेली नोंदवही लेखापरीक्षकाच्या चटकन लक्षात येते. वर्गवारी इंजिनाच्या घनक्षमतेवर बेतलेली असल्याने विजेवर चालणाऱ्या वाहनांस ती नीट लागू पडत नाही, ही तिची मर्यादा अलीकडे जाणवू लागली.

घर, मुख्यालय व काम : एखादा कर्मचारी नाशिक शहरात राहून त्र्यंबकेश्वर येथील कचेरीत रोज जात असेल, तर त्याचा ५६ किमी.चा जाण्यायेण्याचा प्रवास कायद्याच्या दृष्टीने खासगी ठरतो. कचेरीतून अंजनेरी वा हरसूलकडे कामासाठी जाणे हा मात्र कर्तव्याचा प्रवास होय. भेद तर्कशुद्ध आहे. राहण्याचे ठिकाण ही व्यक्तीची निवड मानली जाते. तथापि मुख्यालयी योग्य निवास, मुलांची शाळा वा दवाखाना यांची सोय नसेल, तेथे ही निवड कितपत खरी, हा प्रश्न उरतोच. सिंहस्थासारख्या पर्वकाळी बाहेरून तात्पुरते नेमलेले कर्मचारी व कायमचे स्थानिक कर्मचारी एकाच रस्त्यावर, एकाच कामासाठी फिरत असले, तरी त्यांचे मुख्यालय भिन्न असल्यामुळे भत्त्याचा हिशेब भिन्न होतो.

अन्य देशांतील पद्धती : ग्रेट ब्रिटनमध्ये २०११ मध्ये मोटारीसाठी वर्षातील पहिल्या १०,००० मैलांस मैली ४५ पेन्स व पुढे २५ पेन्स, मोटारसायकलीस २४ पेन्स व सायकलीस २० पेन्स असे करमुक्त दर ठरविण्यात आले. मालकाने त्याहून कमी दिले, तर फरकाची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करून मागता येते. अधिक दिले, तर अधिक भागावर कर लागतो. भारतीय पद्धतीत नसलेली कमी भरपाईची दखल, हे या योजनेचे वैशिष्ट्य होय. अमेरिकेत प्रमाणित मैलदर दरवर्षी जाहीर होतो; तो २०२५ साठी व्यवसायाच्या वापरास मैली ७० सेंट होता. तेथे स्वतंत्र व्यावसायिकास तो वजा करता येतो, परंतु २०१७ च्या करसुधारणेनंतर, २०१८ पासून, सामान्य पगारदारास भरून न मिळालेला खर्च वजा करता येईनासा झाला.

मूल्यमापन : करातील सूट करपात्र उत्पन्न असणाऱ्यासच उपयोगी पडते. दूरच्या पाड्यांवर जाणाऱ्या अल्पवेतनी व मानधनी कर्मचाऱ्यांचे उत्पन्न पुष्कळदा करमर्यादेखालीच असते. त्यांच्या बाबतीत प्रश्न सुटतो तो पुरेशा व वेळेवर मिळणाऱ्या भत्त्यानेच. वेठीच्या काळात प्रवासाचा भार गावाने वाहिला, शिलेदारीत तो स्वाराच्या घोड्यावर पडला आणि नियमबद्ध भत्त्याने तो तिजोरीकडे आणला. दर मागे पडला वा देयक रखडले, की तोच भार पुन्हा खालच्या कर्मचाऱ्याकडे सरकतो किंवा फिरतीच कमी होते. फिरती कमी झाली, की त्याची झळ रस्त्याच्या टोकाच्या वस्तीस प्रथम पोहोचते. भत्त्याचे दर, नोंदींची शिस्त आणि करातील सूट यांचे महत्त्व म्हणूनच नोकराच्या मिळकतीपुरते मर्यादित नसून, शासन दूरच्या गावापर्यंत प्रत्यक्ष पोहोचते की नाही, याच्याशी ते निगडित आहे.